४५ पैकी ३१

कोरियातल्या कुठल्याही ऑफिसात प्रत्येक मजल्यावर दोन गोष्टी असतातच. आग विझवायचं लाल नळकांडं आणि घसा खाकरणारे बुजांगनीम. नळकांड्याची तपासणी कधीमधी होते. बुजांगनीमांच्या घशाची रोज होते, मोठ्याने आणि सगळ्यांदेखत.

बुजांग म्हणजे विभागप्रमुख आणि 'नीम' हा आपल्या 'साहेबां'सारखा मान. वरिष्ठाला नावाने हाक मारायची इथे रीत नाही, त्यामुळे सुवनच्या या ऑफिसात इतका काळ काढूनही आमच्या बुजांगनीमांचं नाव माझ्या तोंडी कधी आलेलं नाही. त्यांच्या बायको त्या सामोनीम. बुजांगनीम पन्नाशी ओलांडलेले, केस काळेभोर (कलप सामोनीम लावून देतात), ऑफिसात पायांत सपाता, आणि कमरेचा पट्टा पोटाच्या वर असावा की खाली, याचा निर्णय अजून व्हायचा आहे. माणूस देवमाणूस. माझ्या पहिल्या हिवाळ्यात स्वतःचा जाड कोट मला घालून, स्वतः कुडकुडत स्टेशनपर्यंत चालत आले होते. वाटभर खाकरत.

त्यांच्या खाकरण्यात प्रकार आहेत आणि आम्हा हाताखालच्यांना ते पाठ आहेत. फोन उचलण्याआधीचं छोटं, दोन ठोक्यांचं. लिफ्टमधून जनमूनीम, म्हणजे त्यांचेही साहेब, बाहेर पडले की येणारं दबकं, मिटल्या ओठांतलं. दुपारी जेवण झालं की इथे सगळं ऑफिस ब्रश घेऊन बेसिनपाशी रांग लावतं, तिथलं गुळण्यांसकटचं दीर्घ. आणि चार वाजताचं एक विनाकारण, ज्याचा अर्थ एवढाच की बुजांगनीम जागेवर आहेत आणि जागे आहेत. जुन्या कोरियन घरात वडीलधारा पुरुष बायकांच्या दालनाकडे यायला निघाला की 'एहेम' करून वर्दी द्यायचा, असं त्यांनी मला एकदा फार कौतुकाने सांगितलं. मला ते वेगळं सांगायची गरज नव्हती. सावंतवाडीला आमचे आजोबा माजघराच्या उंबऱ्याशी असेच खाकरायचे, आणि ते आत पोचेपर्यंत चुलीवर चहाचं आधण पडलेलं असायचं.

पण बुजांगनीमांचं खाकरणं वर्दीचं नाही. त्यांचं पेटंट वाक्य वेगळं आहे: "मोगे म्वोगा कॉल्ल्यॉस्सॉ." घशात काहीतरी अडकलंय. हे 'काहीतरी' काय, याचा तपास बरीच वर्षं चालला. आधी संशय वसंतात चीनकडून उडत येणाऱ्या पिवळ्या धुळीवर गेला. मग एसीवर. मग एका जुन्या जेवणातल्या गाल्चीच्या, आपल्या वाकटीच्या, काट्यावर. तो काटा गिळायला त्यांनी भाताचे मोठमोठे घास न चावता गिळले, आणि त्या रात्री काट्याच्या जागी भात अडकल्यासारखं वाटू लागलं.

शेवटी सामोनीमांनी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. इथे असा दवाखाना दर दुसऱ्या इमारतीत असतो, आणि नाकातून बारीक कॅमेरा घालून पेशंटला त्याचा स्वतःचा घसा पडद्यावर दाखवतात. बुजांगनीमांनी त्या पडद्याचा फोटो काढून आणला. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये किमचीचं सूप समोर आलं आणि त्यांनी फोन पुढे केला. "हे माझे स्वरतंतू." नातवाचा फोटो दाखवावा तसा त्यांचा चेहरा होता. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी "छान आहेत" म्हणालो.

छान नव्हते. स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला लाली होती, सूज होती. काटा वगैरे काही नव्हता. पोटातलं आम्ल वर येत होतं. यावर बुजांगनीमांनी डॉक्टरांशी वाद घातला, की माझ्या छातीत तर कधीच जळजळत नाही! आणि हाच या दुखण्याचा कावा आहे. अन्ननलिकेला आम्लाशी थोडंफार जुळवून घेता येतं. वर आलेलं ती परत खाली ढकलते, उरलेलं लाळेने धुऊन निघतं. स्वरयंत्राकडे असली काही सोय नाही. तिथे आम्लाचा जरासा हबका पोचला आणि त्याच्यासोबत पोटात मांस पचवणारं पेप्सिन, की झालं. छाती शांत आणि घसा बेजार. सकाळी आवाज बसलेला, घशात गोळा, सारखा चिकट कफ. तो काढायला खाकरावं तर स्वरतंतू एकमेकांवर आपटून आणखी सुजतात, सुजले की आणखी कफ, आणि कफ आला की बुजांगनीम आहेतच.

डॉक्टरांनी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या, जेवणाआधी घ्यायच्या, आणि दोन-तीन महिने धीर धरा म्हणाले. सोबत छापील यादी. कॉफी नको. दारू नको. तिखट, तेलकट नको. रात्री उशिरा जेवण नको, जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही, पट्टा आवळायचा नाही, ताण घ्यायचा नाही. बुजांगनीमांनी ती यादी माझ्यापुढे धरली. एका हातात कागदी पेल्यातली तयार मिश्रणाची गोड कॉफी होती, जी ते नेमाने त्याच्याच रिकाम्या पुडीने ढवळतात.

"वाच," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हे पथ्य आहे का? हे माझं काम आहे. यातलं सगळं काढून टाकलं तर कंपनी मला पगार कशाचा देणार?"

त्यातही तथ्य होतं. ह्वेशिक, म्हणजे ऑफिसचं रात्रीचं एकत्र जेवण, हे कोरियात जेवण नसतं, हजेरी असते. पहिली फेरी डुकराच्या चरबीदार मांसाची, टेबलावरच्या शेगडीवर भाजत, सोजू आणि बिअर एकत्र करून. दुसरी तळलेल्या कोंबडीची. तिसरी नोरेबांगमध्ये, म्हणजे भाड्याच्या गाण्याच्या खोलीत. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला बुजांगनीम एक बोट वर करून "त्ताक हान जान," फक्त एकच पेला, अशी घोषणा करतात आणि ती प्रत्येक पेल्याला नव्याने करतात. पण डॉक्टरांचा एक नियम त्यांनी अगदी तंतोतंत पाळला. जेवण अकराला संपलं, तीन तास आडवं व्हायचं नाही, म्हणजे दोनपर्यंत झोपणं वैद्यकीयदृष्ट्या धोक्याचं. तेव्हा सगळ्यांनी दोनपर्यंत गायचं. विभागप्रमुखाच्या प्रकृतीचा प्रश्न असल्यावर उठून जाणार कोण?

डॉक्टरांकडून त्यांनी आणखी एक कागद आणला होता. नऊ प्रश्न. आवाज बसतो का, सारखं खाकरावं लागतं का, घशात काही अडकल्यासारखं वाटतं का, असे. अमेरिकेतल्या घशाच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही प्रश्नावली जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण, एकूण ४५, आणि तेराच्या वर गेलात की संशयाला जागा. बुजांगनीमांना ३१ पडले. छातीतल्या जळजळीला चक्क शून्य असताना ३१! त्यांनी त्या कागदाच्या झेरॉक्स काढून सगळ्या विभागाकडून भरून घेतल्या. कुणीही विशीच्या पुढे गेलं नाही. पुढचा आठवडाभर त्यांच्या खाकरण्यात एक वेगळाच ठसका होता.

गोळ्यांनी दोन आठवड्यांत फरक पडला नाही. पडायचाच नव्हता, कारण पथ्य शून्य आणि मुदत महिन्यांची होती. पण त्याच सुमारास त्यांनी फोनवर बातमी वाचली, की ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, घशाच्या अशा तक्रारींवर या जातीची गोळी नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. बातमी खरी होती. त्यावरून बुजांगनीमांनी काढलेला निष्कर्ष मात्र खास त्यांचा होता: म्हणजे आता हान्यक!

हान्यक म्हणजे कोरियन वैद्यकातली औषधं, बहुतेक काढेच. हे वैद्यक इथे कोपऱ्यातली जडीबुटी नव्हे. १९५१ च्या कायद्यापासून वैद्यांना डॉक्टरांच्या बरोबरीचा परवाना आहे, सहा वर्षांचं शिक्षण आहे, सुया टोचण्याचा खर्च १९८७ पासून राष्ट्रीय विम्यात बसतो. हॉ जुन या राजवैद्याचा १६१३ साली छापलेला 'दोंगुइ बोगाम' हा ग्रंथ युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत आहे, आणि हॉ जुनवरची टीव्ही मालिका १९९९-२००० मध्ये साऱ्या देशाने पाहिली होती. बुजांगनीमांचं वैद्यकाचं ज्ञान मुख्यतः त्या मालिकेतलं.

सुवनहून लाइन एकची गाडी न बदलता थेट सोलच्या जेगी-दोंगला जाते. तिथे औषधी बाजार आहे. सालं, मुळं, वाळवलेली फळं पोत्यांनी मांडलेली असतात आणि स्टेशनाबाहेर पडताच नाकाला बाजार कळतो. त्या बाजाराजवळचे एक म्हातारे वैद्य बुजांगनीमांनी गाठले. वैद्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट चाचपलं, आणि छातीच्या मधोमध एक जागा अंगठ्याने दाबली. बुजांगनीम ओरडले. तेव्हा वैद्यांनी शांतपणे विचारलं, "कुणाचा राग गिळताय?"

हा प्रश्न त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितला याला गणती नाही. निदान झालं मेहेक्की. आलुबुखाराच्या जातीच्या फळाची कोय घशात बसल्यासारखं वाटणं, जी धड गिळवतही नाही आणि थुंकवतही नाही. सात भावना मनात तुंबल्या की ऊर्जेची वाट अडते आणि ही कोय तयार होते, असं हे शास्त्र मानतं. बुजांगनीमांनी त्या सातही भावना लगेच आमच्या कंपनीत वाटून टाकल्या. भय म्हणजे ऑडिट. धसका म्हणजे जनमूनीम. चिंता तिमाहीची, विचार पुढच्या तिमाहीचा, शोक पगाराच्या दिवशी, राग छपाईयंत्राचा. आनंद कुठल्याच खात्यात बसेना, तो शुक्रवारला दिला.

"कान-नाक-घशावाल्याने तीन मिनिटांत माझा घसा पाहिला," ते म्हणतात. "वैद्यांनी पाऊण तास मला पाहिलं." सामोनीम सोबत गेल्या होत्या. त्यांच्या सांगण्यानुसार त्या पाऊण तासातला बराचसा वेळ बुजांगनीम गरम गादीवर, लाल दिव्याखाली, अंगात सुया घेऊन घोरत होते. मला दोन्ही हकिकती खऱ्या वाटतात. ज्या माणसाला अर्धा तास कुणी हाक मारत नाही, त्याचा घसाही थोडा सैल होत असणार.

आणि पथ्य? वैद्यांनीही तेच सांगितलं. कॉफी नको, दारू नको, उशिरा जेवण नको. वर मैदा नको आणि थंड पाणी नको, ही भर घातली. तरी हे पथ्य बुजांगनीमांना पटलं. कारण डॉक्टरांनी दोष त्यांच्या जेवणाला दिला होता आणि वैद्यांनी त्यांच्या साहेबांना.

काढ्याचं नाव बान्हाहुबाकतांग. चीनच्या चांग चुंगचिंग या वैद्याने सुमारे १,८०० वर्षांपूर्वी दिलेली ही कृती. भाजलेल्या मांसाचा तुकडा घशात अडकल्यासारखं वाटतं, त्यावर हे द्या. 'भाजलेलं मांस' ऐकून बुजांगनीम भारावले. शेगडीवर चिमट्याने मांस उलटताना ते आता या वैद्याचा हवाला देतात. आमच्या विभागातल्या तरुण देरीने, म्हणजे ज्युनिअर मॅनेजरबाईने, मूळ मजकूर शोधून काढला. तिथे ही तक्रार बायकांची म्हणून नोंदवली आहे. तिने ते फक्त मला सांगितलं. अशा गोष्टी तिसऱ्या फेरीसाठी राखून ठेवायच्या असतात.

काढा इथे घरी उकळत नाहीत. वैद्याकडून तपकिरी, हवाबंद पिशव्यांचा खोकाच येतो. बुजांगनीम पिशवी गरम पाण्याच्या मगात बुडवून ठेवतात आणि मग पूर्ण मजल्याला मेहेक्की झाल्याचं कळतं. घटक ऐकताना मी मात्र चमकलो. यातला मुख्य कंद, बान्हा, हा अळू-सुरणाच्या कुळातला. कच्चा पोटात गेला तर घसा नुसता खवखवतो. म्हणून त्याच्यावर आल्याची प्रक्रिया करतात आणि काढ्यातही आलं घालतात. घसा खाजवणाऱ्या कंदाला वठणीवर आणून त्याच्याकडूनच घसा दुरुस्त करून घ्यायचा! आमच्याकडे अळूला वठणीवर आणायचं काम आमसूल करतं, हे मी बोलून गेलो. बुजांगनीमांनी वहीत लिहून घेतलं. आईने पाठवलेली आमसुलं तेव्हापासून त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहेत.

तो ड्रॉवर सगळ्यांनी एकदा पाहावा. आम्लावरच्या पांढऱ्या द्रवाच्या पुड्या, दोराजी नावाच्या मुळाच्या गोळ्या, नाशपाती-दोराजीचा रस, तांबड्या जिनसेंगच्या नळ्या, कोबीचा रस (हा सामोनीमांचा, पोटासाठी), हिरव्या मेशिलचा, म्हणजे त्याच कोयीवाल्या फळाचा, पाक (हाही सामोनीमांचा, सगळ्यासाठी), माझी आमसुलं आणि एक निर्जंतुक सुई. अजीर्णावर अंगठा दोऱ्याने बांधून नखाच्या मुळाशी टोचायचा आणि काळं रक्त काढायचं, हा इथला घरगुती उपाय. तो बुजांगनीम स्वतःवर करत नाहीत. भीती वाटते. दुसऱ्यांवर करतात.

मग प्रकृतींचं वेड आलं. ई जे-मा या वैद्याने १८९४ मध्ये माणसांचे चार प्रकार सांगितले, त्यातला थेयांगिन हा सगळ्यात दुर्मीळ. ई जे-मा स्वतःला थेयांगिनच समजत आणि त्यांना अनेक वर्षं गिळण्याचा, फेस उलटून पडण्याचा त्रास होता, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. एवढा आधार बुजांगनीमांना पुरला. घसा तोच, म्हणजे प्रकृती तीच. वैद्यांनी थेउमिन सांगितलं, जो देशातला सगळ्यात नेहमीचा प्रकार, खाणारा-पिणारा, अंगाने भरलेला. बुजांगनीम गाडीत परतीच्या वाटेवर बोलले नाहीत, असं सामोनीम सांगतात. त्या मात्र खूश होत्या. तासभर खाकरलेही नाहीत म्हणे.

काढ्याच्या दिवसांत दारू पिऊ नये हा नियम त्यांनी मात्र पाळला. हान्यक महाग असतो आणि पैसे सामोनीमांनी भरले होते. आणि हळूहळू आवाज खरंच सुटला. काढ्याने, की न प्यायलेल्या सोजूने, की रात्री वेळेवर जेवल्याने, हा वाद आम्ही कॅन्टीनमध्ये बराच घातला. मी सोजूच्या बाजूचा. पण बुजांगनीमांचा मोकळा, गोड आवाज ऐकून सगळ्यांना बरं वाटलं, एक त्यांच्या पानसोरीच्या बाई सोडून.

हे सांगायचं राहिलंच. शनिवारी ते पानसोरी शिकतात. एक गाणारा, एक ढोलवाला, आणि तासन्‌तास चालणारी गोष्ट. फार स्वच्छ आवाजाला तिथे गुरू नाक मुरडतात. हवा तो सुरीसाँग, भाजलेला, घोगरा, खरखरीत. तो मिळवायला जुने गायक धबधब्यापाशी बसून आवाज फुटेपर्यंत गायचे, अशा कथा आहेत. आपल्याकडे आवाज बसला की गवई ज्येष्ठमध धरतो. इथे बुजांगनीमांनी पहिल्या दिवशी नुसतं खाकरून स्वर लावला आणि बाई वळून बघायला लागल्या. हा आवाज कुठे कमावलात? बुजांगनीमांनी मान खाली घालून, खरं तेच सांगितलं: ह्वेशिकमध्ये.

आता तो आवाज बरा झाला होता. बाईंनी दोन शनिवार ऐकून घेतलं आणि मग हळहळून म्हणाल्या, तब्येत बरी नाही का तुमची? वर्षअखेरीची मेजवानी जवळ आली होती आणि त्यात चुनह्यांगच्या गोष्टीतलं प्रेमाचं गाणं बुजांगनीम गाणार असं जाहीर झालेलं होतं. त्यांनी पुष्कळ विचार केला. मग काढ्याचा उरलेला खोका ड्रॉवरच्या तळाशी सरकवला आणि आठवडाभर रियाझ केला. सकाळी दोन कॉफ्या, रात्री झणझणीत रामयन नूडल्स, खाऊन लगेच आडवे. सामोनीमांनी मला फोन करून विचारलं, की इंडियात गाणारे पण असंच करतात का?

मेजवानीला त्यांनी गायलेलं गाणं मला नीट कळलं नाही, पण पंखा उघडून त्यांनी पहिला स्वर टाकला तेव्हा हसायला सज्ज बसलेली पोरं गप्प झाली. मध्येच जनमूनीम टेबलावर थाप मारून "जोत्ता!" म्हणून ओरडले. पानसोरीत ती दाद. बुजांगनीमांचा आवाज दोनदा फुटला, आणि दोन्ही वेळा तो योग्य जागी फुटला असं मानून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी आवाज पूर्ण गेलेला होता. बुजांगनीम चिठ्ठ्या लिहून बैठक चालवत होते, तेवढ्यात जनमूनीम स्वतः आमच्या मजल्यावर आले. दार लावून घेतलं. त्यांच्याही घशात म्हणे बरेच दिवस काहीतरी अडकलेलं होतं, फक्त त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बुजांगनीमांनी लगबगीने ड्रॉवर उघडला. वैद्यांचं कार्ड दोन्ही हातांनी दिलं, आमसूल दिलं, आणि तो नऊ प्रश्नांचा कागद पुढे ठेवला. जनमूनीमांनी चष्मा लावून भरला. बेरीज २४. "जास्त आहे का?" त्यांनी विचारलं. "तुमची किती होती?"

बुजांगनीम खुणेनेच म्हणाले, शोधून सांगतो. जनमूनीम गेल्यावर त्यांनी आपला जुना कागद काढला, देरीकडून खोडरबर मागून घेतला आणि कामाला लागले. खोकल्याचा एक गुण गेला, कफाचे दोन, बसलेल्या आवाजाचे दोन, खाकरण्याचे तीन. बेरीज २३ वर आली तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा मोजून पाहिली. आठव्या प्रश्नाच्या, घशात काहीतरी अडकल्याच्या, पाच गुणांना मात्र त्यांनी हात लावला नव्हता.